एसआयई परीक्षा : खानापूरहून न्यू जर्सीला निघण्यापूर्वी

चि. सौ. हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र सविस्तर होते, म्हणून उत्तरही सविस्तर लिहिते. मला तू अक्का म्हटलेस, तेव्हा मीही 'तू'च म्हणणार आहे. तू खानापूरची, बेळगावात बी.कॉम. झालेली, खडे बाजाराजवळच्या एका शेअर दलालाच्या ऑफिसात तीन वर्षे काम केलेली, एनआयएसएमची (शेअर बाजाराच्या नियामकाने, म्हणजे सेबीने, काढलेल्या प्रशिक्षण संस्थेची) म्युच्युअल फंड वितरकांची परीक्षा दिलेली, आणि येत्या जानेवारीत एच-४ व्हिसावर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला मिळतो तो) यजमानांकडे न्यू जर्सीला येणारी. सिक्युरिटीज इंडस्ट्री इसेन्शियल्स, म्हणजे एसआयई, ही अमेरिकेतल्या शेअर-रोखे व्यवसायाची प्राथमिक परीक्षा येताच उरकून टाकावी का, एनआयएसएमच्या अभ्यासाचा तिला किती उपयोग होतो, आणि ती उत्तीर्ण झाल्यावर नोकरी मिळते का, असे तुझे तीन प्रश्न आहेत. मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते.

एसआयई उत्तीर्ण होणे म्हणजे लायसन्स मिळणे नव्हे. फिन्रा ही इकडच्या दलाल कंपन्यांवर देखरेख ठेवणारी स्वनियामक संस्था २००७ मध्ये स्थापन झाली आणि तिने ही परीक्षा १ ऑक्टोबर २०१८ पासून सुरू केली. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ती देता येते. कोणत्याही कंपनीत नोकरी असावी लागत नाही. आपल्या लोकांचा घोळ होतो तो नेमका इथे. ग्राहकाला शेअर विकण्यासाठी जी सीरिज ७ परीक्षा लागते, ती (१२५ प्रश्न, पावणेचार तास, उत्तीर्ण होण्यास शंभराच्या मापावर ७२ गुण) एखाद्या सदस्य कंपनीने तुझे नाव पुढे केल्याशिवाय देताच येत नाही. शिवाय बहुतेक राज्यांसाठी सीरिज ६३ ही वेगळी परीक्षा असते, कारण रोख्यांच्या व्यवहारांबाबत प्रत्येक राज्याचा स्वतःचा कायदाही असतो. देश एक आणि नियम दोन ही गोष्ट सीमाभागातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

म्हणजे एसआयई हे दारापर्यंत नेणारे तिकीट आहे, आणि त्या तिकिटावर तारीख असते. निकालाची मुदत चार वर्षांची. त्या काळात पुढची परीक्षा देऊन तुझी नोंदणी झाली नाही, तर एसआयई पुन्हा द्यावी लागते.

मी निपाणीची, तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरातली. मीही एच-४ वरच आले आणि रिकामे बसवेना म्हणून पहिल्याच वर्षी, २०१९ च्या एप्रिलमध्ये, एसआयई देऊन मोकळी झाले. माझ्या हाती काम करण्याचा परवाना आला तो २०२२ च्या दिवाळीनंतर. नोकरी लागेपर्यंत जानेवारी उजाडला, आणि कंपनीने सीरिज ७ साठी नाव पाठवले तेव्हा मुदत संपायला दोन महिने उरले होते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पुस्तक उघडे ठेवून मी ते दोन महिने काढले. जमले, पण त्या घाईचे कारण माझा सुरुवातीचा उतावीळपणा होता, दुसरे काही नाही.

म्हणून आधी यजमानांना एक गोष्ट विचार : त्यांच्या कंपनीने ग्रीन कार्डासाठी आय-१४० अर्ज दाखल केला आहे का, आणि तो मंजूर झाला आहे का? एच-४ वर आलेल्या जोडीदाराला काम करण्याची परवानगी सरसकट मिळत नाही. २०१५ च्या नियमानुसार ती मुख्यतः तेव्हाच मागता येते, जेव्हा एच-१बी धारकाचा आय-१४० मंजूर असतो, किंवा ग्रीन कार्डाची प्रक्रिया चालू असल्यामुळे त्याचा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढवून मिळालेला असतो. मंजूर असेल तर येताच अभ्यासाला लाग आणि परवान्याचा अर्ज हातावेगळा झाला की परीक्षा दे. अर्जच झालेला नसेल, तर वाचत राहा, पण परीक्षेची तारीख घेऊ नकोस. व्हिसाची बाजू एखाद्या इमिग्रेशन वकिलाकडून पक्की करून घे. माझा शब्द त्यासाठी पुरेसा समजू नकोस.

आता अभ्यासाकडे वळते. पावणेदोन तासांत गुण मोजले जाणारे ७५ बहुपर्यायी प्रश्न असतात, त्यांतच न मोजले जाणारे काही जादा प्रश्न मिसळलेले असतात आणि ते कोणते हे कळत नाही. उत्तीर्ण होण्यास ७० गुण लागतात, ७५ पैकी नव्हे, शंभराच्या मापावर. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नकोस. नापास झाल्यास पहिल्या दोन वेळा तीस-तीस दिवस थांबावे लागते, तिसऱ्यांदा मात्र १८० दिवस. ७५ पैकी ३३ प्रश्न गुंतवणुकीची साधने आणि त्यांतली जोखीम यांवर असतात, २३ प्रश्न व्यवहार, ग्राहकांची खाती आणि निषिद्ध वर्तन यांवर, १२ भांडवली बाजारावर आणि ७ नियामक चौकटीवर. या प्रमाणाकडे दुर्लक्ष करून पहिल्या पानापासून क्रमाने वाचत गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांचा सारा उत्साह १९३३ आणि १९३४ चे शेअर बाजाराचे कायदे पाठ करण्यातच संपतो.

एनआयएसएमचा उपयोग होतो, पण जपून. जे विषय तुला नवीन वाटतील ते तू लक्ष देऊन वाचशील आणि ते तुला येतील. चुकशील ती जे आधीच येते असे वाटते तिथे. म्युच्युअल फंडाचेच घे. सेबीने ऑगस्ट २००९ पासून एंट्री लोड बंद केला, त्यामुळे पैसे भरतानाच दलाली कापली जाते ही कल्पना तुझ्या पिढीला परकी आहे. इकडे अ वर्गाच्या युनिटांवर ती कापली जाऊ शकते, फिन्राच्या नियमाने तिची कमाल मर्यादा साडेआठ टक्के आहे, आणि रक्कम वाढत जाईल तसा तिचा दर टप्प्याटप्प्याने उतरतो. या टप्प्यांना ब्रेकपॉइंट म्हणतात. समज, ५०,००० डॉलरला दर उतरतो आणि एखाद्या प्रतिनिधीने स्वतःची दलाली वाचावी म्हणून ग्राहकाला ४९,००० च घ्यायला लावले, तर तो गैरप्रकार ठरतो. पुढच्या तेरा महिन्यांत इतकी रक्कम गुंतवीन असे लेखी देऊन ग्राहक कमी दराचा लाभ आधीच घेऊ शकतो, हेही विचारतात.

एकोणपन्नास हजारांचा आकडा आपल्याकडे वेगळ्या कारणाने प्रसिद्ध आहे. पन्नास हजारांवरच्या रोख भरण्याला पॅन मागत म्हणून बँकेच्या काउंटरवर ४९,००० भरणारे लोक तूही पाहिले असशील, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. अमेरिकेत दहा हजार डॉलरच्या वरच्या रोख व्यवहाराची माहिती सरकारला द्यावी लागते, आणि ती टाळण्यासाठी रक्कम तोडून भरणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, मग पैसा कितीही घामाचा असो. प्रश्नात ग्राहक म्हातारा, प्रेमळ आणि जुना असतो. त्याला भुलू नकोस.

डिमॅटचेही तसेच. तुझ्या खात्यातले शेअर डिपॉझिटरीकडे तुझ्या नावावर असतात. इकडे ते बहुधा दलाल कंपनीच्या नावावर ठेवले जातात आणि खरी मालक तू असतेस. त्याला स्ट्रीट नेम म्हणतात. त्यामुळेच दलाल कंपनी बुडाल्यास ग्राहकाचे काय, हा प्रश्न इकडे महत्त्वाचा ठरतो, आणि सिपिक या १९७० च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेचे पाच लाख डॉलरपर्यंतचे संरक्षण, त्यात रोख रकमेसाठी अडीच लाखांची मर्यादा, हे पाठ असावे लागते. भाव पडून झालेले नुकसान सिपिक भरून देत नाही. हा पर्याय उत्तरांत हमखास पेरलेला असतो. सौदा पुरा होण्याची मुदत आता दोन्ही देशांत एक दिवसाची आहे, भारतात २७ जानेवारी २०२३ पासून आणि अमेरिकेत २८ मे २०२४ पासून. माझ्या वेळी इकडे दोन दिवस होते, म्हणून माझी जुनी पुस्तके मी तुला देणार नाही. कोणाची फुकट मिळाली तरी घेऊ नकोस.

सर्वांत जास्त अडखळशील ती तुझ्या ऑफिसातल्या सवयींपाशी. लग्नाआधी मीही अशाच एका ऑफिसात बसत होते. "तूच बघून घे गं, तुला योग्य वाटेल तेव्हा काढून टाक," असे फोनवर सांगणारे गिऱ्हाईक आपल्याकडे विश्वासाची खूण मानली जाते. फिन्राच्या नियमानुसार कोणता शेअर, किती आणि घ्यायचा की विकायचा हे तीनही ग्राहकानेच सांगितले पाहिजे. लेखी अधिकारपत्राशिवाय तुला केवळ वेळ आणि भाव यांचीच मोकळीक मिळते, तीही सर्वसाधारणपणे त्याच दिवसापुरती. ग्राहकाचे नुकसान स्वतः भरून देणे, अमुक भाव येईलच अशी हमी देणे, ग्राहकाकडून उसने घेणे, हे सगळे निषिद्ध वर्तनात येते. आपल्या गल्लीत यांतल्या निम्म्या गोष्टींना माणुसकी म्हणतात. उत्तर लिहिताना ती बाजूला ठेव.

ऑप्शनच्या प्रकरणात मी सराव परीक्षेत सलग तीन वेळा चुकले, त्याचे कारण सांगते. कॉल ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने ठराविक मुदतीत शेअर घेण्याचा विकत घेतलेला हक्क, समजावा म्हणून मी तो संचकारासारखा, म्हणजे जागेच्या इसारासारखा, धरला होता. वडिलांनी निपाणीत जागा घेताना संचकार देऊन भाव बांधून घेतला होता, ते मी लहानपणी पाहिले होते. उपमा निम्मी बरोबर आहे : भाव बांधला जातो, आणि व्यवहार सोडून दिला तर दिलेले पैसे जातात. परंतु संचकाराची रक्कम शेवटी किमतीतून वजा होते आणि ऑप्शनचा प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत, होत नाही, तो वरचा खर्च असतो. ५० डॉलरचा कॉल ३ डॉलर प्रीमियमने घेतला, तर एका कराराचे १०० शेअर धरून ३०० डॉलर गेले, आणि शेअर ५३ च्या वर गेल्यावरच नफा सुरू होतो. मी ना-नफा-ना-तोटा बिंदू ५० लिहीत होते. तो कॉल लिहिणाऱ्याचा, म्हणजे विकणाऱ्याचा, जवळ शेअर नसताना, तोटा अमर्याद असू शकतो, हेही त्याच बैठकीत घोकून टाक.

नगरपालिकांच्या रोख्यांना घाबरू नकोस. आपल्याकडे ते सामान्य गुंतवणूकदाराच्या हाती सहसा पडत नाहीत, म्हणून परके वाटतात इतकेच. कराच्या जोरावर फेडले जातात ते एक, आणि एखाद्या प्रकल्पाच्या उत्पन्नातून फेडले जातात ते दुसरे. दुसऱ्या प्रकारासाठी कोगनोळीचा टोलनाका डोळ्यांसमोर आण. व्याजावर बहुधा केंद्रीय प्राप्तिकर लागत नाही, म्हणून ते वरच्या कर-टप्प्यातल्या ग्राहकाला शोभतात आणि निवृत्तीच्या खात्यात ठेवण्यात अर्थ नसतो.

रोज दीड तास धरला तर सात-आठ आठवडे पुरतात. फिन्राच्या संकेतस्थळावर विषयांची रूपरेषा आणि सराव परीक्षा विनामूल्य आहेत; त्यांनी सुरुवात कर आणि मगच एखादे चालू आवृत्तीचे पुस्तक विकत घे. तुझे शिक्षण मराठी माध्यमात झाले त्याची काळजी करू नकोस, माझेही तसेच झाले. प्रश्नांची इंग्रजी अवघड नसते, पण एका शब्दावर उत्तर फिरते, म्हणून शेवटचे वाक्य आधी वाचण्याची सवय लाव.

नावाचे मात्र आत्ताच पाहा. मी नोंदणी करताना नेहमीच्या सवयीने स्वतःचे नाव आणि आडनाव एवढेच लिहिले. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात माझ्या नावाला जोडून वडिलांचे नावही होते. केंद्रावरच्या बाईंनी दोन्ही पुन्हा पुन्हा ताडून पाहिली आणि मला परत पाठवले. फी गेली. नियम स्पष्ट लिहिलेला होता, चूक माझी. तुझ्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पदवीच्या गुणपत्रिकेवर शेवटी आणि लग्नानंतर तिसरेच, असे असणार. पासपोर्टवर जसे आहे तसेच, अक्षर न अक्षर, सगळीकडे लिही. पासपोर्टवर नाव बदलायचे असेल तर व्हिसाच्या मुलाखतीपूर्वी बदल किंवा मग राहू दे. परीक्षेच्या दिवशी बांगड्या आणि घड्याळ घरी ठेव, म्हणजे तपासणीत वेळ जाणार नाही.

निघण्यापूर्वी एक काम तिकडेच होण्यासारखे आहे. कंपनी तुझी नोंदणी करताना यू-४ नावाचा अर्ज भरते, त्यात मागच्या दहा वर्षांच्या नोकऱ्यांचा आणि पाच वर्षांच्या पत्त्यांचा सलग हिशेब लागतो आणि बोटांचे ठसेही घेतले जातात. म्हणून ऑफिसातून लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असलेले पत्र घे. तोंडी ओळखीवर राहू नकोस; माझे ऑफिस मी इकडे आल्यावर बंद पडले आणि तो पुरावा गोळा करायला भावाला चार महिने लागले. बेळगावात भाड्याने राहिली असशील तर त्या घराचा पूर्ण पत्ता, गल्ली आणि घर क्रमांकासह, महिन्यांसकट वहीत उतरवून ठेव. एनआयएसएमचे प्रमाणपत्र आण, त्याने इकडे कोणती सूट मिळत नाही, पण मुलाखतीत त्यावर बोलता येते. पुस्तक आणू नकोस, वजनाला कुंदा चालेल.

आय-१४० चे यजमानांकडून कळले की मला लिही. परीक्षेची तारीख कोणत्या महिन्यात घ्यायची ते त्यावरून ठरवू.

तुझी,
अक्का