शंका-समाधान : सरकत्या पट्ट्यावरून विमान उडेल का?

प्रश्न : धावपट्टीच्या जागी तेवढाच लांब सरकता पट्टा बसवला आहे, जिममधल्या ट्रेडमिलसारखा. विमान जेवढ्या वेगाने पुढे जाईल, तेवढ्याच वेगाने पट्टा मागे सरकतो. अशा पट्ट्यावरून विमान उडेल का? आमच्या गटात यावरून सरळ दोन तट पडले आहेत. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : उडेल. साध्या धावपट्टीवरून उडते तसेच, जवळजवळ तेवढ्याच अंतरात.

‘नाही’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोटार असते. मोटारीचे इंजिन चाक फिरवते, चाक रस्त्याला मागे रेटते आणि म्हणून मोटार पुढे जाते. रस्ताच मागे सरकू लागला तर मोटार जागच्या जागी राहील, हे अगदी खरे. विमानाच्या चाकांना मात्र इंजिन जोडलेलेच नसते. ती बेअरिंगवर मोकळी फिरतात आणि त्यांच्यावर चालतो तो फक्त ब्रेक. विमान हवेला मागे फेकते आणि त्या रेट्याने पुढे जाते. जमिनीचे काम एवढेच, की पंख वजन पेलू लागेपर्यंत ते पेलायचे.

तेव्हा पट्टा मागे सरकून विमानाला किती मागे ओढू शकतो, हा खरा प्रश्न आहे. उदाहरण म्हणून सेसना १७२ घेऊ. हे चार आसनी, एक इंजिनाचे विमान वैमानिकांच्या प्रशिक्षणात जगभर वापरले जाते. भरलेल्या विमानाचे वस्तुमान १,१०० किलो धरा, म्हणजे वजन सुमारे १०,८०० न्यूटन. धावायला सुरुवात करताना प्रॉपेलरचा रेटा २,२०० न्यूटनच्या आसपास धरू. काँक्रीटवर चाके फिरताना होणारा रोध वजनाच्या दोन टक्के धरला, तर तो २१६ न्यूटन होतो. पुढे ढकलणारे बल २,२०० आणि अडवणारे २१६.

आता पट्टा सुरू करा. चाके दुप्पट वेगाने फिरतील. पण चाकाचा हा रोध मुख्यतः वजनावर आणि टायरच्या दबण्यावर अवलंबून असतो. वेग दुप्पट झाला म्हणून तो दुप्पट होत नाही, थोडासाच वाढतो. शिवाय चाकांना दुप्पट गती द्यायला थोडे जास्त बल लागते. तिन्ही चाके मिळून २५ किलोची धरली, तर ती फिरवण्याच्या हिशेबात साधारण १५ किलोइतकी भरतात. विमानाचे त्वरण सेकंदाला सुमारे १.८ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे जादा बल १५ गुणिले १.८, अवघे २७ न्यूटन. सगळी गोळाबेरीज करून रोध १०० न्यूटनने वाढला असे मानले, तरी विमानाला पुढे नेणारे बल पाच टक्क्यांनी कमी होईल. समुद्रसपाटीवर, वारा नसताना हे विमान २७० मीटरच्या आसपास धावून जमीन सोडते. पट्ट्यावर ते २८५ मीटर धावेल. ५५ नॉटला, म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटरला, वैमानिक नाक उचलेल तेव्हा चाके मात्र ताशी २०० किलोमीटरने फिरत असतील.

हे प्रत्यक्ष करूनही पाहिलेले आहे. ‘मिथबस्टर्स’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या जानेवारी २००८ मधल्या भागात ताडपत्रीची लांबच लांब पट्टी अंथरली होती आणि तिच्यावर एक हलके अल्ट्रालाइट विमान उभे होते. ट्रकने पट्टी उलट दिशेला ओढली, विमान पुढे धावले आणि उडाले.

प्रश्न : पण मी हे कोडे वेगळे ऐकले आहे. त्यात पट्टा विमानाच्या वेगाशी जुळत नाही, तर चाकांच्या फिरण्याच्या वेगाशी जुळतो. मग तर विमान हलणारच नाही ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बहुतेक वाद याच फरकामुळे पेटतात. दोन्ही बाजू वेगवेगळी कोडी सोडवत असतात आणि एकमेकांना चूक ठरवत असतात. म्हणून वादात उतरण्याआधी पहिले वाक्य नीट वाचून घ्यावे : पट्टा कशाच्या वेगाशी जुळतो?

चाक न घसरता फिरत असेल तर त्याच्या कडेचा वेग म्हणजे विमानाचा पुढचा वेग अधिक पट्ट्याचा मागचा वेग. पट्ट्याचा वेग कडेच्या वेगाइतकाच हवा अशी अट घातली, की विमानाचा वेग शून्य असलाच पाहिजे. ‘विमान हलायचे नाही’ हे उत्तर अशा रीतीने प्रश्नातच गुपचूप घालून ठेवलेले असते. तरीही कागदावर ही अट पाळता येते का, हे तपासण्यासारखे आहे. कारण उत्तर ‘येते’ असे आहे.

पट्टा ठरावीक वेगाने कितीही जोरात फिरला तरी विमान रोखता येत नाही, हे वर आलेच. मात्र पट्ट्याचा वेग सतत वाढत राहिला तर गोष्ट बदलते. चाकांची गती वाढवत नेण्यासाठी पट्ट्याला टायर मागे ओढावा लागतो, आणि ती ओढ चाकाच्या आसामार्फत विमानाला बसते. रोध वजा जाता उरलेला २,००० न्यूटनचा रेटा याच ओढीने निष्प्रभ करायचा, तर २,००० भागिले १५, म्हणजे पट्ट्याचा वेग दर सेकंदाला १३३ मीटर प्रतिसेकंदाने वाढत राहिला पाहिजे. हे गुरुत्व त्वरणाच्या साडेतेरा पट झाले. कोरड्या पृष्ठभागावर टायरची पकड साधारण ७,५०० न्यूटनपर्यंत टिकते, त्यामुळे टायर घसरणार नाही. विमान खरोखरच जागेवर थांबेल.

किती वेळ? लहान विमानांच्या टायरना बहुधा ताशी १२० किंवा १६० मैलांची वेगमर्यादा असते. १२० मैल म्हणजे ताशी १९३ किलोमीटर. हा वेग ०.४ सेकंदात गाठला जाईल. एका सेकंदात पट्टा ताशी ४८० किलोमीटरवर, अडीच-पावणेतीन सेकंदांत आवाजाच्या वेगावर. त्याच्या बऱ्याच आधी टायर चिंधड्या होऊन उडालेले असतील आणि बेअरिंग जळालेली असतील. काही शे मीटर लांबीचा पट्टा अशा त्वरणाने पळवील अशी मोटर नाही, आणि तो ताण सोसेल असा पट्टाही नाही. हे उत्तर कागदापुरतेच खरे आहे.

प्रश्न : प्रॉपेलर पंखांवर वारा मारतोच. मग विमान जागेवर उभे असले तरी उचलले जायला हवे. ट्रेडमिल वापरून धावपट्टीची जागा वाचवता येणार नाही का? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : नाही. एक इंजिनाच्या विमानात प्रॉपेलरचा झोत धडाच्या दोन्ही बाजूंच्या थोड्याशाच पंखावरून जातो. बाहेरचा मोठा भाग कोराच राहतो. जेट विमानात तर हवा इंजिनातून मागे जाते, पंखावरून नव्हे. उचल मिळण्यासाठी सगळा पंखच हवेतून पुरेशा वेगाने जावा लागतो. वैमानिक उड्डाणाच्या वेळी पाहतो तो वेगही हवेच्या संदर्भातलाच असतो. विमानाच्या पुढे तोंड केलेल्या पिटो नळीत शिरणाऱ्या हवेच्या दाबावरून तो मोजला जातो. चाके किती फिरली याच्याशी त्याचा संबंध नाही.

पट्ट्यावर विमानाला हवेतला वेग मिळतो तो पुढे धावूनच. म्हणून पट्टाही धावपट्टीएवढाच लांब लागेल, जागा इंचभरही वाचणार नाही.

उभ्या विमानाला उचलणारी एकच गोष्ट असते : समोरून येणारा जोराचा वारा. म्हणूनच लहान विमाने उघड्यावर ठेवताना दोन्ही पंख आणि शेपूट अशा तीन ठिकाणी दोरांनी जमिनीतल्या कड्यांना बांधतात. वादळी वाऱ्यात न बांधलेले विमान उलटते ते यामुळेच.

प्रश्न : मग विमानवाहू जहाज वेगाने चालवून विमानाला मदत करतात ती कशी? तिथेही खालची जमीनच सरकते ना? (एक वाचक, मालवण)

उत्तर : प्रश्न चांगला आहे. जहाजावर डेक पुढे जातो आणि डेकवर अडकवून धरलेल्या विमानालाही हवेतून पुढे नेतो. सप्टेंबर २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेली आयएनएस विक्रांत २६२ मीटर लांब आहे आणि तिचा कमाल वेग २८ नॉट आहे. ती २० नॉटने वाऱ्याला सामोरी चालली आणि समोरून १० नॉट वारा असला, तर धावायला सुरुवात करण्याआधीच विमानाच्या पंखांवरून ३० नॉटची हवा वाहत असते. तेवढा वेग त्याला धावून मिळवावा लागत नाही. विक्रांतवर विमानाला जोराने पुढे फेकणारे यंत्र, म्हणजे कॅटापुल्ट, नाही. इंजिने पूर्ण जोरात येईपर्यंत विमान अडथळ्याने धरून ठेवतात, मग सोडतात, आणि ते पुढच्या चढत्या डेकवरून वर फेकले जाते.

कोड्यातल्या पट्ट्यावर विमान मोकळे असते, म्हणून पट्टा त्याला कुठेच नेत नाही. ब्रेक दाबून ठेवले तर मात्र नेईल, आणि मागे नेईल. सेसनाचा पूर्ण रेटा २,२०० न्यूटन आणि घासणाऱ्या टायरची ओढ त्याच्या दुपटीहून जास्त, पट्टाच जिंकणार. ‘उडेल’ या उत्तरामागे चाके मोकळी असल्याची अट आहे, ती विसरू नये.

प्रश्न : मोठे प्रवासी विमानही असेच उडेल? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : रेट्याच्या हिशेबाने उडेल. टायरच्या हिशेबाने मात्र धोका आहे, आणि या कोड्यातली सर्वांत कमी चर्चिली जाणारी बाजू हीच.

बोइंग ७३७ च्या टायरना साधारणपणे ताशी २२५ मैलांची, म्हणजे १९५ नॉटची मर्यादा असते. भरलेले विमान १४५ नॉटच्या आसपास जमीन सोडते असे धरा. पट्टा तेवढ्याच वेगाने उलट फिरला तर टायर २९० नॉटला पोचेल, मर्यादेच्या जवळजवळ दीडपट. तिथे केंद्रोत्सारी ताणाने टायरचा वरचा थर सुटून निघण्याची भीती असते. फुटलेल्या टायरचा तुकडा काय करू शकतो हे २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ दिसले. धावपट्टीवरच्या धातूच्या पट्टीने कॉंकॉर्ड या आवाजाहून वेगवान प्रवासी विमानाचा टायर कापला, त्याचा साडेचार किलोच्या आसपासचा तुकडा पंखाच्या खालच्या बाजूला आदळला आणि इंधनाची टाकी फुटली. विमानातले सर्वजण दगावले. म्हणून ७३७ साठी उलट सरकणारा पट्टा फार तर ५० नॉटपर्यंतचा, म्हणजे ताशी ९० किलोमीटरचा चालेल. त्यापुढे नको.

टायरची ही मर्यादा कोड्यापुरती नाही. लेहचा विमानतळ सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत तीच उचल मिळवायला जमिनीवर बराच जास्त वेग लागतो, आणि मागून वारा असेल तर तो त्यात मिळवावा लागतो. अशा ठिकाणी वजन ठरवताना टायरची वेगमर्यादा खरोखर तपासावी लागते.

प्रश्न : हे विद्यार्थ्यांना करून दाखवता येईल का? (एक शिक्षिका, अहिल्यानगर)

उत्तर : जरूर. विजेवर चालणारे ट्रेडमिल, चार चाकांची एक रोलर स्केट, पाच किलोचे वजन, एक किलोपर्यंत मोजणारा स्प्रिंगचा काटा आणि दोन मीटर जाड दोरा एवढे पुरे.

ट्रेडमिलचा चढ शून्यावर आणा. वजन स्केटवर घट्ट बांधा. दोरा स्केटच्या पुढच्या टोकाला बरोबर मध्यभागी बांधा. बाजूला बांधला तर ती तिरकी होऊन पट्ट्याबाहेर जाते. दोऱ्याचे दुसरे टोक काट्याला आणि काटा ट्रेडमिलच्या पुढच्या भागाला, स्केटच्याच उंचीवर अडकवा. दोरा पट्ट्याला समांतर राहिला पाहिजे. तो वर चढता असेल तर स्केटचे वजन थोडे उचलले जाते आणि काट्याचे वाचन चुकते.

आता पट्टा ताशी २ किलोमीटरने सुरू करा, वाचन घ्या. मग ४, मग ८. वाचन पाच किलोच्या मानाने फारच थोडे, बहुधा शे-दोनशे ग्रॅमचे येईल, आणि वेग चौपट झाला तरी ते चौपट होणार नाही. वेगाबरोबर काटा भराभर चढत गेला, तर बेअरिंगमध्ये धूळ असते किंवा एखादे चाक डगमगत असते. तेल घालून पुन्हा करा. प्रवासी बॅगेची वळणारी चाके इथे वापरू नका, ती वेगात थरथरतात.

पुढची पायरी महत्त्वाची. काटा सोडवून हातात धरा आणि पट्टा ८ वर असतानाच दोरा सावकाश ओढा. स्केट सहज पुढे येईल. मग त्याच पट्ट्यावर बॅटरीवर चालणारी खेळण्यातली मोटार सोडा आणि पट्ट्याचा वेग तिच्या वेगाशी जुळवा. ती जागच्या जागी राहील. दोन्ही वस्तू लागोपाठ पाहिल्या, की चाक कोण फिरवते हा मुद्दा मुलांना वेगळा सांगावा लागत नाही.

दोरा तुटला तर पाच किलोचे वजन स्केटसकट मागे फेकले जाते. ट्रेडमिलच्या मागे जाड गादी उभी करा आणि मुलांना बाजूला उभे करा, मागे कोणालाही नको.