कायदा आणि आपण : संमती आहे, पण वय?

प्रश्न : माझा भाचा 21 वर्षांचा आहे. ज्या मुलीशी तो लग्न करू इच्छितो ती आपण होऊन घर सोडून आली असून दोघे चार दिवसांपासून आमच्याकडे आहेत. शाळेच्या दाखल्यानुसार मुलगी 17 वर्षे 5 महिन्यांची आहे; तिची आत्या मात्र खासगीत सांगते की तिचा जन्म आदल्या दिवाळीतला, दाखल्यावरची 1 जून ही तारीख गुरुजींनी लिहिलेली. आळंदीला लग्न लावून दिले तर प्रकरण मिटेल का?
– एक वाचक, जिल्हा अहिल्यानगर

उत्तर : मिटणार नाही, उलट चिघळेल. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि बालकाने शारीरिक संबंधास दिलेली संमती कायद्याच्या लेखी संमतीच नव्हे. लग्नाची ढालही उरलेली नाही, कारण अठरा वर्षांखालील पत्नीशी ठेवलेला संबंध हा बलात्कारच ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली दिला आणि भारतीय न्याय संहितेत तीच वयोमर्यादा आली. शिवाय बालविवाहाचा गुन्हा नवऱ्या मुलाबरोबर लग्न लावणाऱ्यांवरही दाखल होऊ शकतो. भाच्यावर संबंधाचा गुन्हा शाबित झाला, तर किमान शिक्षा दहा वर्षांची आहे आणि मुलांचे एकमेकांवर प्रेम होते म्हणून ती कमी करण्याची मुभा न्यायाधीशांना नाही. मला हा कायद्याचा कठोर कोपरा वाटतो. सोळा ते अठरा वयाच्या प्रकरणांत न्यायाधीशांना काही विवेकाधिकार द्यावा, असे विधी आयोगानेही 2023 साली सुचवले, मात्र त्याच अहवालात संमतीचे वय अठराच ठेवावे असेही म्हटले. आज लागू आहे तो कायदा हाच.

आता त्या 1 जूनविषयी. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी 1 जून लिहीत, त्यामुळे आपल्याकडे एकाच दिवशी वाढदिवस असणारी माणसे गावोगाव सापडतात. परंतु वय ठरवताना बालन्याय कायदा शाळेच्या किंवा दहावीच्या प्रमाणपत्राला पहिले स्थान देतो. ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. त्यामुळे आत्याच्या तोंडी सांगण्यावर भिस्त ठेवू नये. ग्रामपंचायतीत त्या दिवाळीतली जन्मनोंद असल्यास तिची प्रत वकिलांकडे जरूर द्यावी, तथापि न्यायालय ती शाळेच्या दाखल्याहून वरचढ मानेलच असे गृहीत धरू नये.

अपहरणाचे कलम थोडे निराळे आहे. समज आलेली मुलगी स्वतःहून घराबाहेर पडली असेल आणि मुलाने तिला फूस लावली नसेल, तर ते ‘नेणे’ ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1964 च्या वरदराजन प्रकरणात म्हटले होते. याचा आधार भाच्याला मिळू शकेल, पण पोक्सोच्या आरोपाला त्याचा उपयोग नाही.

आपण तिला घरात लपवून ठेवत आहात, असा अर्थ पोलिसांनी काढण्याआधी वकिलांना सोबत घेऊन स्वतः पोलीस ठाण्यात कळवावे. मुलीला माहेरी जायची भीती वाटत असेल, तर तिने ते बालकल्याण समितीपुढे स्पष्ट सांगावे. समिती तिची बालगृहात राहण्याची सोय करू शकते. दंडाधिकाऱ्यांपुढील जबाब तिचा तिनेच द्यायचा आहे, त्यासाठी तिला आपल्यापैकी कुणीही पढवू नये.