इंजिनाला तेल पुरंना, लगेच पंप बदलायचा का?

मराठवाड्यात बोट म्हणलं की माणसं हसतात, इथं प्यायला पाणी टँकरनं आणि तुम्ही बोट चालवता का म्हणून. पण जायकवाडी, येलदरी, माजलगाव, विष्णुपुरी, एवढ्या पाण्यावर कुणाचं न कुणाचं इंजिन रोज चालू असतंच. या वेळी ट्रॅक्टर अन् मोटारीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. बोटींबद्दल चार पत्रं आली आणि चारींचा विषय एकच, टाकीतून इंजिनापर्यंत तेल, म्हणजे डिझेल-पेट्रोल, पोचवणारी यंत्रणा.

प्रश्न : नमस्कार. धरणाच्या पाण्यात आमची लोखंडी बोट हाय, आत तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवलेलं. सकाळी एका सेल्फमध्ये चालू होतंय, अर्धा-पाऊण तास मस्त पळतंय, मग हळूहळू आवाज बसतो, रेस दिली तरी आरपीएम चढत नाही अन् धापा टाकत बंद पडतंय. थोडा वेळ थांबलं की परत चालू. फीड पंप नवा टाकला, दोन्ही फिल्टर बदलले, तरी तेच. आता मिस्त्री म्हणायलाय मेन पंप खोलावा लागंल. खोलू का?
— एक वाचक, पैठण तालुका

उत्तर : दादा, मेन पंपाला (इंजेक्टरला डिझेल देणारा मोठा पंप; टाकीतून त्याच्यापर्यंत डिझेल ओढून आणतो तो फीड पंप) सध्या पाना लावू देऊ नका. तुम्ही लिहिलंय की आवाज हळूहळू बसतो, हे लई कामाचं लिहिलं. कारण स्टॉप सोलेनॉइडची, म्हणजे इंजिन बंद करणाऱ्या विजेच्या खटक्याची, कॉइल गरम होऊन दगा द्यायला लागली तरी इंजिन असंच बंद पडतं आणि थंड झाल्यावर चालू होतं, पण ते बटण दाबल्यासारखं खटकन बंद होतं. धापा टाकत बंद पडतंय म्हणजे डिझेल पुरत नाही, आणि थोडं थांबलं की परत पुरतंय म्हणजे पंप मेलेला नाही, मेलेला पंप विश्रांती घेऊन जिवंत होत नसतो.

पहिली टेस्ट फुकटची आहे. पुढच्या वेळी बंद पडलं की दुसरं काही न करता टाकीचं झाकण उघडा आणि कान लावा. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि लगेच इंजिन नीट चालू झालं तर तुमच्या टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत यायची नळी, बंद आहे. डिझेल जितकं बाहेर जातं तितकी हवा टाकीत यावी लागते, ती येत नसली की टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि बिचारा पंप त्याच्याशी झुंजत बसतो. थांबल्यावर कुठून तरी हवा झिरपते, व्हॅक्यूम उतरतो, म्हणून परत चालू होतं. आपल्याकडं उन्हाळ्यात बोट काठावर ओढून ठेवलेली असते तेव्हा कुंभारीण माशी नेमकी व्हेंटच्या नळीत मातीचं घर करते. नाहीतर रंग देणारा पोरगा नळीच्या तोंडावरूनच ब्रश फिरवतो, किंवा व्हेंटचा पाइप मधेच झोळ खाऊन त्यात डिझेल साचून राहतं. तार घाला, फुंकर मारा, पाइप सरळ चढता करा.

झाकण उघडून फरक पडला नाही तर कॅनची टेस्ट. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात ताजं गाळलेलं डिझेल, पंपाकडं जाणारा पाइप टाकीवरून काढून कॅनमध्ये आणि रिटर्नचा (जादा डिझेल परत आणणारा) पाइपही त्याच कॅनमध्ये, नाहीतर कॅन रिकामा होऊन डिझेल सगळं टाकीत जाऊन बसंल. कॅन टाकीच्याच उंचीला ठेवा हं, पुष्कळ जण इंजिनाच्या वर टांगतात, मग डिझेल आपोआप खाली येतं, पंप कमजोर असला तरी कळत नाही आणि सगळी टेस्ट वाया. कॅनवर तासभर बिनतक्रार चाललं तर रोग टाकीत नाहीतर टाकीच्या कॉकमध्ये. कॅनवरही बंद पडलं तर मग पाइप अन् इंजिनाकडं बघायचं.

टाकीत काय असतं ते सांगतो. बोट महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी राहते, पावसाळ्यात दमट हवा व्हेंटमधून आत येते, टाकीच्या पत्र्याला घाम येतो आणि ते पाणी तळाला बसतं. पाणी आणि डिझेल जिथं भेटतं तिथं बारीक जंतू वाढतात, काळा बुळबुळीत गाळ होतो, अन् बोट लाटांवर हलली की तो उठून थेट सक्शनच्या जाळीवर. फिल्टर चकाचक दिसतो कारण गाळ फिल्टरपर्यंत पोचतच नाही, टाकीतल्या जाळीलाच अडकून बसतो, आणि इंजिन थांबलं, ओढ संपली की परत खाली पडतो. तुमच्या केसमध्ये व्हेंटनंतर माझा संशय याच्यावर आहे. तळाचं डिझेल काचेच्या बरणीत काढा, थोडा वेळ ठेवा, पाणी अन् गाळ खाली बसलेला दिसंल. आणि इथून पुढं बोट उभी करताना टाकी भरून ठेवा.

एवढं करूनही नाही सापडलं तर गेज लावा, अंदाजानं पार्ट बदलू नका. दोन गेज लागतात, पंपाच्या आधी व्हॅक्यूमचा आणि फिल्टरच्या नंतर प्रेशरचा. प्रेशर किती पाहिजे ते तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात बघा, ढोबळ सांगायचं तर डायफ्रामचा (आतल्या पडद्याचा) छोटा फीड पंप 3 ते 7 पीएसआय देतो आणि इनलाइन मेन पंपावर (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर असलेला) बसणारा प्लंजरवाला 15 ते 20 च्या आसपास. व्हॅक्यूम दोन-तीन इंच मर्क्युरीच्या (व्हॅक्यूम गेजवरचं माप) आत असला तर ठीक, सहा-सात इंचावर गेला तर मागं कुठंतरी अडलंय. व्हॅक्यूम जास्त आणि प्रेशर कमी, म्हणजे सक्शन जाम. व्हॅक्यूम जवळपास नाहीच आणि प्रेशरही कमी, म्हणजे एकतर हवा खातंय, नाहीतर पंप कमजोर, नाहीतर ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह (रिटर्नच्या वाटेवरचा) ढिला होऊन डिझेल रिटर्नला पळतंय. हवा बघायला पंपाआधी हातभर पारदर्शक पाइप टाका, बुडबुडे दिसले की शोध सुरू. इथं एक गंमत आहे, प्रेशरच्या बाजूला गळती असली तर डिझेल टपकतं, सक्शनच्या बाजूला मात्र थेंब बाहेर येत नाही, हवाच आत जाते. रसवंतीत फुटकी स्ट्रॉ मिळाली की कसं, रस सांडत नाही पण तोंडात नुसती हवा, तसलंच. म्हणून बाहेरून कोरडं ठणठणीत दिसणाऱ्या जॉइंटवर विश्वास ठेवू नका, कॉपर वॉशर एकदा दाबलं गेलेलं परत वापरू नका, वॉटर सेपरेटरचं (डिझेलमधलं पाणी वेगळं करतो तो) रबर रिंग बदला, क्लिपा आवळा. ओव्हरफ्लो व्हॉल्व्हसाठी आयडलला रिटर्नचा रबरी पाइप दोन सेकंद हलका दाबून बघा, प्रेशर टणकन वाढलं तर पंप बरा आहे, व्हॉल्व्ह गेलाय. हे फक्त इनलाइन पंपावर, रोटरी (एकच फिरतं डोकं सगळ्या सिलिंडरांना डिझेल देतं तो) पंप असंल तर या भानगडीत पडू नका.

आणि रिटर्न दाबायची टेस्ट सोडली तर ही मापं काठाला आयडलवर घेऊन उपयोग नाही. आयडलला इंजिनाला डिझेल लागतंच किती? लोडवर घ्या. बोट जाड दोरानं दोन्हीकडून पक्की बांधा, गिअर टाकून रेस द्या, पंख्याच्या बाजूला पाण्यात कुणी नाही हे आधी बघा. हाय प्रेशरच्या नळ्यांवर हात फिरवून गळती शोधू नका, तिथं शेकडो बारचं प्रेशर असतं, बारीक धार कातडी फोडून आत शिरते. पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

प्रश्न : मालवणकडून जुनी स्पीड बोट आणलीय, आत पेट्रोलचं व्ही-6 इंजेक्शन इंजिन. सकाळी काही त्रास नाही. दुपारी एक फेरी मारून अर्धा तास बंद ठेवली की परत चालू व्हायला नाटकं, झाली तरी मिसिंग. गेज लावला तर इंजिन बंद करताच काटा शून्यावर येतो. नांदेडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे.
— एक वाचक, विष्णुपुरी, नांदेड

उत्तर : ऊन माहीत आहे भाऊ, पण सगळा दोष उन्हाचा नाही. इंजिन बंद केल्यावर गार पाणी फिरणं थांबतं आणि इंजिनाच्या पेटीतली सगळी उष्णता पेट्रोलच्या पाइपांत शिरते. रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणारी नळी) प्रेशर टिकून असलं तर पेट्रोल उकळत नाही, प्रेशर उतरलं की वाफ होते आणि पंप वाफ ढकलत बसतो. तुमचा काटा लगेच शून्यावर येतो हाच खरा रोग, तो काही मिनिटं तरी टिकायला पाहिजे. रेग्युलेटरचा (पेट्रोलचं प्रेशर सांभाळणारा) व्हॅक्यूम पाइप काढा, आत पेट्रोल लागलं तर डायफ्राम फाटलाय. चालू होताना काळा धूर अन् प्लग ओले असतील तर इंजेक्टर गळतोय. दोन्ही नाही तर पंपातला चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल मागं जाऊ न देणारा, गेलाय.

दुसरं, टाकीतून पेट्रोलचा पाइप निघतो तिथं अँटी-सायफन व्हॉल्व्ह असतो, आत बारीक गोळी आणि स्प्रिंग. खाऱ्या हवेत राहिलेली बोट आहे, गंजून अर्धवट अडकलेला असू शकतो. मग पंप जोरात ओढतो, सक्शनमधलं प्रेशर अजून पडतं आणि पेट्रोल आणखी लवकर उकळतं. साफ करा नाहीतर नवा टाका, पण काढून फेकू नका, पाइप तुटला तर टाकी बोटीच्या तळात रिकामी होऊ नये म्हणून तो दिलेला असतो. जुने पाइपही बदला, आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, जुन्या रबराचं आतलं अस्तर सुटून पडद्यासारखं लोंबतं, आयडलला जाणवत नाही, रेस दिली की तोच पडदा रस्ता बंद करतो. पाइपावर आयएसओ 7840 (बोटीच्या आग सोसणाऱ्या इंधन पाइपाचं मानक) छापलेलं बघून घ्या.

जॉइंट खोलायच्या आधी रेलचं प्रेशर उतरवा आणि बॅटरी काढा. काम झाल्यावर सेल्फ मारण्याआधी ब्लोअर (पेटीतली वाफ बाहेर काढणारा पंखा) किमान 4 मिनिटं चालवा आणि तळाचा वास घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती उडून जात नाही, तळाला बसून ठिणगीची वाट बघते.

प्रश्न : सर, मी आयटीआयला आहे. कारचा इलेक्ट्रिक फ्युएल पंप स्वस्तात मिळतो, प्रेशर तेवढंच देतो, तो पेट्रोल बोटीला का चालत नाही?
— एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : ताई, प्रेशर जुळलं तरी नको. बोटीचा पंप बंद पेटीत असतो, म्हणून त्याची ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत जाणार नाही असा तो बांधलेला असतो. कारच्या पंपाला, अल्टरनेटरला, स्टार्टरला तशी गरज नसते, खालून वारं लागतं. वरच्या उत्तराचा शेवट परत वाचा म्हणजे किंमत कळंल.

प्रश्न : डिझेल बोटीच्या इंजिनाचं ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढायलंय. प्रेशर पण थोडं कमी. चांगलंच आहे ना?
— एक वाचक, माजलगाव

उत्तर : चांगलं काहून असंल! डिपस्टिक नाकाला लावा. डिझेलचा वास आला तर बहुतेक फीड पंपाचा डायफ्राम फाटून डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय, ऑइल पातळ होऊन बेअरिंग खाईल. आजपासून इंजिन चालू करू नका. फीड पंप बदला, ऑइल अन् ऑइल फिल्टर दोन्ही नवे टाका, डिझेलच्या पाइपातली एअर काढा आणि मगच सेल्फ मारा. वास पाण्याचा-चिखलाचा आला आणि ऑइल दुधाळ दिसलं तर पंपाचा काही संबंध नाही, पाणी शिरलंय, मग हेड गॅस्केट अन् ऑइल कूलर बघायला लागंल.