‘जमलं तर ये’

स्वयंसेवक सांभाळणारी माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा थोड्याफार फरकाने एकच प्रश्न विचारतात. “मॅडम, जो पैसे न घेता येतो, त्याला जाब कसा विचारायचा?” रक्तदान शिबिरं भरवणारे विचारतात, वस्तीत अभ्यासिका चालवणारे विचारतात, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीचे दिवस निभावणारेही विचारतात. उत्तरादाखल मी एका काकूंची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून ती इथे लिहिते आहे.

काकू बँकेतून निवृत्त झालेल्या. पुण्यातल्या एका छोट्या संस्थेत सहा वर्षं अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक, म्हणजे परीक्षेत ते सांगतील ते उत्तर लिहून देणारी माणसं, मिळवून देण्याचं काम त्या एकट्या बघत होत्या. हे काम बाहेरून फोनाफोनीचं वाटतं, प्रत्यक्षात फार किचकट आहे. तेव्हा लागू असलेल्या केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे परीक्षार्थीने स्वतःचा लेखनिक आणला, तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी असावं लागायचं. म्हणजे हाताशी असलेला हुशार पदवीधर चालायचा नाही, त्याचा धाकटा भाऊ शोधावा लागायचा. तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळत असल्याने तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. शिवाय लेखनिक म्हणून येणारी मुलंही विद्यार्थीच, त्यांच्याही परीक्षा त्याच सुमारास.

काकू आल्या त्या मे महिन्यात, परीक्षांचा हंगाम उरकल्यावर. झोप लागत नव्हती. रात्री फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. छातीचं नाव निघालं म्हणून मी त्यांना आधी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तपासण्या ठीक आल्या, मग आम्ही बोलायला बसलो.

मनात रुतून बसलेला प्रसंग एप्रिलमधला होता. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचा राज्यशास्त्राचा पेपर सकाळी 11 ला. आदल्या रात्री सव्वादहाला लेखनिक मुलाचा मेसेज आला, ‘काकू सॉरी, उद्या नाही जमणार.’ काकू मध्यरात्रीपर्यंत आणि पुन्हा पहाटेपासून फोन करत राहिल्या. शेवटी शेजारच्यांची नात तयार झाली. ऐनवेळी लेखनिक बदलण्याची मुभा त्या सूचनांमध्ये होती, पण केंद्रावर ती समजावून सांगण्यात वीस मिनिटं गेली. ती मुलगी तोवर पांढरी काठी घट्ट धरून फाटकाशी उभी होती.

“मग त्या मुलाला तुम्ही काय कळवलंत?”

त्यांनी फोन काढून दाखवला. रात्री 10 वाजून 17 मिनिटांनी त्यांनी लिहिलं होतं, ‘काही हरकत नाही बाळा.’

“हरकत होती का?” मी विचारलं. काकू खूप वेळ रडल्या.

इथे माझी एक चूक झाली, ती सांगायला हवी. पुढच्याच भेटीत मी घाईने ‘ठाम बोलायला शिका’ या वळणावर गेले. काकू गप्प झाल्या. मग हळूहळू कळलं, वडील सेवादलातले. घरात सेवा या शब्दाला मोठं वजन. काम करावं, मागू नये, दुसऱ्याच्या कामाचं मोजमाप काढू नये, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. ठाम बोलणं म्हणजे त्यांच्या लेखी वडिलांचा शब्द मोडणं होतं. ते समजून न घेता दिलेला सल्ला त्यांना टोचलाच असणार.

मग मी वेगळा रस्ता धरला. त्यांनी सहा महिन्यांत स्वयंसेवकांना पाठवलेले मेसेज त्यांच्याच तोंडून मोठ्याने वाचून घेतले. ‘जमलं तर ये.’ ‘वेळ असेल तर बघ हं.’ ‘तुझा अभ्यास सांभाळून.’ आठ-दहा वाचून झाल्यावर त्या थांबल्या. म्हणाल्या, “मी जमलं तर म्हटलं, त्याला जमलं नाही. त्याने खोटं काय केलं?”

त्यांच्या मनात मुलांचं येणं म्हणजे आपल्यावरचा उपकार होता आणि उपकाराला अट घालता येत नाही. मी विचारलं, “उपकार तुमच्यावर की त्या मुलीवर? आणि पेपर कुणाचा?” मुलाने शब्द द्यायचा तो फाटकाशी उभ्या असलेल्या मुलीला, काकू फक्त तो पोचवणार. एवढं ध्यानात आल्यावर त्यांना भाषा आपोआप सापडली. नवा मेसेज त्यांनी स्वतः लिहिला: ‘गुरुवारी 11 चा पेपर आहे, 10 ला फाटकाशी ये. चार तास लागतील. काही अडचण आली तर मंगळवार संध्याकाळपर्यंत मला फोन कर. त्यानंतर दुसरं कुणी मिळणं अवघड असतं.’ यात रागाचा एक शब्द नाही. येणाऱ्याला आपल्या येण्याची किंमत मात्र कळते.

त्या मुलाशी बोलण्याचा सराव आम्ही दोनदा केला, मी मुलगा झाले. प्रत्यक्ष फोनवर तो अवाक झाला. त्याला वाटलं होतं, काकूंकडे पुष्कळ मुलं असतात, एक नसला तर दुसरा जाईल. फाटकावरची गोष्ट त्याला कुणी सांगितलीच नव्हती. तो पुन्हा येऊ लागला. दुसरी एक मुलगी मात्र नवा मेसेज वाचून यादीतून बाहेर पडली, आणि काकूंना तो आठवडा जड गेला.

पण सगळं ओझं मेसेजच्या भाषेवर टाकणं मला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये कामाच्या जागी येणाऱ्या ‘बर्नआउट’ची तीन लक्षणं नोंदवली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटणं. काकूंचं काम पगारी नव्हतं, तरी तिन्ही गोष्टी त्यांच्यात दिसत होत्या. संस्थेने वार्षिक कार्यक्रमात त्यांना दोनदा शाल-श्रीफळ दिलं होतं. जोडीला माणूस एकदाही दिला नव्हता. स्वयंसेवकांची चौकशी काकू करायच्या, काकूंची चौकशी कुणी करायची, हा प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीत कधी आलाच नव्हता. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची हीच कथा आहे आणि मला याचा मनापासून राग येतो.

काकूंनी विश्वस्तांना पत्र लिहिलं. तीन मागण्या: सोबत दुसरा समन्वयक, रात्री 9 नंतर आळीपाळीने फोन बंद ठेवण्याची मुभा, आणि प्रत्येक पेपरला एक राखीव लेखनिक, त्याच्या प्रवासखर्चासह. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीला ‘पुढच्या वर्षी बघू’ असं उत्तर आलं.

आता महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, वेगवेगळ्या संस्थांचे पाच-सहा समन्वयक माझ्या खोलीत जमतात. अजेंडा नसतो. परवा एकाने सांगितलं, “आज पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं, तू कसा आहेस.” काकू आता तिथे नव्यांचं ऐकतात, मी फारसं बोलत नाही.

राखीव लेखनिकाची वाट त्यांनी पाहिली नाही. ऑक्टोबरच्या परीक्षेत शेजारची तीच नात पेपरच्या दिवशी जवळच्या वाचनालयात स्वतःचा अभ्यास घेऊन बसायची. मूळ लेखनिक पोचला की काकू तिला कळवायच्या, मग ती घरी. जाण्याआधी तिला गरम वडापाव आणून द्यायचा, हे काम काकूंनी दुसऱ्या समन्वयकाकडे सोपवलेलं नाही.