गिरणी संप आणि घरचा अल्बम

गिरणी संपात आपल्या घराचं काय झालं ते फोटोंतून मांडायचं असेल, तर गिरणीत काम केलेल्या वडिलांना एकदम संपाबद्दल विचारू नकोस, आधी अल्बम काढ. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याच्या अलीकडचे-पलीकडचे फोटो शेजारी ठेव. आईच्या गळ्यातलं सोनं जाऊन नुसती काळी पोत कुठल्या फोटोपासून दिसते, ते बघ. मधे फोटोच नसतील तर रिकामी पानंही टिप. अल्बमच्या पानांचे फोटो घेताना फ्लॅश बंद, खिडकीचा बाजूचा उजेड, कॅमेरा पानाला समांतर. मागची बाजूही घे; स्टुडिओचा शिक्का, तारीख बऱ्याचदा तिथेच सापडते. चाळीच्या खोलीला वाइड लेन्स लावू नकोस, ती उगाच ऐसपैस दिसते (मला तर चीडच येते). वडील बोलता बोलता गप्प झाले, तर कॅमेरा खाली ठेव. आणि प्रिंट बाहेर दाखवण्याआधी आईला नीट विचार, गृहीत धरू नकोस.