नागपुरात महापालिकेच्या शाळेतील पालकाला शाळा व्यवस्थापन समितीवर कसे जाता येईल?

यासाठी ना उमेदवारी अर्ज लागतो, ना अनामत रक्कम. पालकसभेत उपस्थित राहून आपले नाव सुचवले जाणे, हीच खरी पायरी आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि ५० टक्के सदस्य महिला असावे लागतात, वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे लागते. राज्याच्या नियमांनुसार अध्यक्ष पालक सदस्यांमधूनच निवडला जातो. मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. खासगी विनाअनुदानित शाळांना हे कलम लागू नाही.

विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात, म्हणून पालकसभेची तारीख मुख्याध्यापकांना तेव्हापासूनच विचारत राहा. आमच्या शाळेत ती सूचना फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिली होती आणि दुपारपर्यंत अर्धी पुसली गेली होती! सभेला बहुधा मोजकेच पालक येतात, त्यामुळे आपल्या मुलांच्या वर्गातील चार-पाच पालकांना, विशेषतः मातांना, आधीच भेटून सोबत आणलेत, तर निवड अवघड नसते. निवडीनंतर ठरावाची नोंद इतिवृत्तात झालेली स्वतः वाचून मगच स्वाक्षरी करा.