इटालियनमध्ये समोरच्याचा मूड कसा आहे, हे कसं विचारायचं?

रोजच्या भेटीत मित्राला 'कोमे स्ताई?' आणि अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसाला 'कोमे स्ता?' म्हणा. 'कोमे वा?' म्हणजे 'कसं चाललंय?', ते बहुतेक ठिकाणी चालतं. मात्र आपल्या 'कसा आहेस?'वरून 'कोमे सेई?' असं जुळवू नका. त्याचा अर्थ 'तू कशा स्वभावाचा, कसा दिसणारा आहेस?' असा होतो.

पण या प्रश्नांना 'बेने, ग्रात्सिए' (ठीक, धन्यवाद) एवढंच ठरावीक उत्तर येतं. खरंच मनातलं जाणून घ्यायचं असेल तर 'कोमे ती सेंती?' विचारा, म्हणजे 'तुला कसं वाटतंय?' हे आजारी माणसालाही विचारतात. चेहरा उतरलेला दिसला तर मला 'ती वेदो जू' (तू खचल्यासारखा दिसतोस) सर्वांत आवडतं, कारण त्यात चौकशीपेक्षा काळजी जास्त आहे. 'के आई?' म्हणजे 'काय झालंय तुला?', पण सूर जरा चढला तर ते खेकसल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा 'क्वाल्कोझा नोन वा?' (काही बिनसलंय का?) सौम्य आहे.

उत्तरं ऐकताना शेवटचा स्वर पाहा: पुरुष 'सोनो स्तांको' (दमलोय) म्हणेल, बाई 'सोनो स्तांका'. 'त्रिस्ते' (दुःखी) दोघांनाही तसंच. भीतीसाठी मात्र 'आहे' नव्हे, 'जवळ असणे'चं क्रियापद लागतं: 'ओ पाऊरा' (मला भीती वाटतेय).

कोणी नुसतं 'इन्सोम्मा...' म्हणून थांबलं, तर समजा की फारसं बरं चाललेलं नाही. तिथे घाई न करता 'ती वा दी पार्लार्ने?' म्हणजे 'बोलावंसं वाटतंय का?' असं जरूर विचारा.